विमान कर्मचाऱ्यांवरील विश्वकिरण प्रारणाचे मूल्यमापन

विमान कर्मचाऱ्यांवरील विश्वकिरण प्रारणाचे मूल्यमापन म्हणजे वैमानिक, हवाईसेविका आणि विमानात काम करणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांच्या शरीराला उड्डाणाच्या काळात अंतराळातून येणाऱ्या आयनीकारक प्रारणाची किती मात्रा मिळते, हे ठरवण्याची पद्धत होय. विश्वकिरणांना वैश्विक किरण असेही म्हणतात. प्रवासी विमाने साधारणपणे ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. या उंचीवर वातावरणाचे संरक्षण बरेच विरळ झालेले असते, त्यामुळे तेथील प्रारणाचा दर समुद्रसपाटीवरील दराच्या कित्येक पट असतो. वर्षातून एखाद-दुसरा प्रवास करणाऱ्या व्यक्तीला यातून मिळणारी मात्रा नगण्य असते. वर्षाला शेकडो तास हवेत काढणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र ती साठत जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रारण संरक्षण व मापन परिषदेच्या २००९ मधील १६० क्रमांकाच्या अहवालानुसार त्या देशातील प्रारणाशी संबंध येणाऱ्या व्यवसायांमध्ये विमान कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक मात्रा सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३.०७ मिलिसिव्हर्ट होती.

क्ष-किरण विभागातील किंवा अणुवीज केंद्रातील कर्मचारी छातीवर मात्रामापक बिल्ला लावतात. विमान कर्मचाऱ्यांच्या बाबतीत असा बिल्ला सहसा वापरला जात नाही. त्यांची मात्रा प्रामुख्याने संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने उड्डाणमार्गावरून काढली जाते आणि विमानात घेतलेल्या प्रत्यक्ष मोजमापांशी ही प्रतिमाने पडताळून पाहिली जातात.

इतिहास

ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंची गाठली. उंचीबरोबर हवेचे आयनीभवन वाढत जाते, असे त्यांना आढळले. हे प्रारण जमिनीतून नव्हे तर वरून येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या शोधासाठी त्यांना १९३६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल अँडरसन यांच्यासमवेत विभागून देण्यात आले. डच भौतिकशास्त्रज्ञ याकोब क्ले यांनी १९२७ च्या सुमारास जावा आणि नेदरलँड्स यांदरम्यानच्या सागरी प्रवासात केलेल्या नोंदींतून विषुववृत्ताजवळ या किरणांची तीव्रता कमी असते, हे दिसून आले. उंची आणि अक्षांश हे मात्रा ठरवणारे दोन प्रमुख घटक अशा रीतीने प्रवासी जेट विमानांच्या आधीच ज्ञात झाले होते.

विश्वकिरणांच्या वातावरणातील वर्तनाच्या अभ्यासात मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांचा महत्त्वाचा वाटा आहे. त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडलेल्या सोपान वर्षावाच्या सिद्धांताने एका उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनापासून हवेत असंख्य कण कसे निर्माण होतात, याचे स्पष्टीकरण दिले. भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचे संशोधन पुढे चालू राहिले.

१९६० च्या दशकात स्वनातीत प्रवासी विमानांच्या योजना आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा प्रश्न विमान वाहतुकीच्या संदर्भात गांभीर्याने विचारात घेतला गेला. १९७६ पासून प्रवासी सेवेत असलेले कॉन्कॉर्ड विमान सुमारे १८ किलोमीटर उंचीवरून उडत असे. सौर वादळाच्या वेळी कमी उंचीवर येता यावे, यासाठी त्यात प्रारण दर्शवणारे उपकरण बसवलेले होते. या विमानात ताशी मात्रा अधिक असली तरी प्रवासाचा वेळ निम्म्याहून कमी असल्यामुळे एका फेरीची एकूण मात्रा साध्या विमानाच्या जवळपासच राहत असे.

आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने १९९० च्या शिफारशींमध्ये जेट विमानांतील कर्मचाऱ्यांना मिळणारी विश्वकिरणांची मात्रा ही व्यावसायिक मात्रा मानावी, असे सुचवले. तोपर्यंत नैसर्गिक म्हणून हिशेबाबाहेर राहिलेल्या या प्रारणाची नोंद ठेवण्याची जबाबदारी त्यामुळे विमान कंपन्यांकडे येऊ लागली.

प्रारणाचे स्वरूप

सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या दीर्घिकीय विश्वकिरणांमध्ये प्रोटॉनांचे प्रमाण सर्वाधिक असते. त्याखालोखाल हीलियमची अणुकेंद्रे असतात आणि जड मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांचे प्रमाण सुमारे १ टक्का असते. हे प्राथमिक कण वातावरणातील नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्यातून न्यूट्रॉन, प्रोटॉन, पायॉन, म्यूऑन, इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण असे द्वितीयक कण निर्माण होतात. वरून खाली येताना द्वितीयक कणांची संख्या प्रथम वाढते, सुमारे २० किलोमीटर उंचीच्या आसपास ती कमाल होते आणि त्याखाली घटत जाते. प्रवासी विमाने या कमाल पातळीच्या खालच्या पट्ट्यात उडतात. म्हणून विमान जितके उंच, तितकी मात्रा अधिक.

विमानाच्या उंचीवरील मात्रेत न्यूट्रॉनांचा वाटा साधारण निम्मा असतो. उरलेली मात्रा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, फोटॉन आणि म्यूऑन यांच्यापासून मिळते. विमानाचा ॲल्युमिनियमचा किंवा संमिश्र द्रव्याचा पातळ सांगाडा हे कण फारसे अडवू शकत नाही. शिशाचे अस्तर लावूनही उपयोग होत नाही, कारण उच्च ऊर्जेचे कण त्यावर आदळून आणखी द्वितीयक कण निर्माण करतात आणि विमानाचे वजन मात्र वाढते.

मात्रेवर परिणाम करणारे घटक

उंची : समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम हवेचा स्तंभ असतो. १२ किलोमीटर उंचीवर त्यातील सुमारे २०० ग्रॅम हवाच डोक्यावर उरते. उच्च अक्षांशांवर विमान ९ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर गेल्यास मात्रेचा दर साधारण दुप्पट होतो.

अक्षांश : पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांचा मार्ग वळवते. विषुववृत्ताजवळ क्षेत्ररेषा जमिनीला समांतर असल्यामुळे कमी ऊर्जेचे कण परतवले जातात. ध्रुवांजवळ ते क्षेत्ररेषांच्या दिशेने थेट आत शिरतात. एखाद्या ठिकाणी पोहोचण्यासाठी कणाच्या अंगी किमान किती क्षमता हवी, हे गिगाव्होल्ट या एककात सांगितले जाते. हा भूचुंबकीय उंबरठा ध्रुवीय प्रदेशात जवळजवळ शून्य असतो. दक्षिण व आग्नेय आशियाच्या परिसरात तो सुमारे १७ गिगाव्होल्ट, म्हणजे जगात सर्वाधिक आहे. त्यामुळे नेहमीच्या उड्डाण उंचीवर विषुववृत्ताजवळ मात्रेचा दर ताशी सुमारे २ ते ३ मायक्रोसिव्हर्ट असतो, तर उच्च अक्षांशांवर तो ताशी ५ ते ८ मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो.

सौर चक्र : सूर्याची सक्रियता सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमी-अधिक होते. सूर्य सक्रिय असताना सौर वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दीर्घिकीय विश्वकिरणांना अधिक प्रमाणात रोखते. म्हणून सौर डागांची संख्या कमी असलेल्या वर्षांत विमान कर्मचाऱ्यांची मात्रा वाढते आणि डाग अधिक असलेल्या वर्षांत ती घटते. हा परिणाम उच्च अक्षांशांवर ठळकपणे जाणवतो आणि विषुववृत्ताजवळ अल्प असतो.

उड्डाणाचा काळ : अनेक देशांत वैमानिकांच्या उड्डाणावर वर्षाला ९०० ते १,००० तासांची मर्यादा आहे. ही मर्यादा थकवा टाळण्यासाठी घातलेली असली, तरी तिच्यामुळे वार्षिक मात्रेलाही आपोआप आळा बसतो.

मात्रेची एकके

मूल्यमापनात वापरली जाणारी मुख्य राशी म्हणजे परिणामी मात्रा. तिचे एकक सिव्हर्ट असून ते स्वीडिश भौतिकवैज्ञानिक रोल्फ सिव्हर्ट यांच्या नावावरून आले आहे. ऊतकांनी शोषलेल्या ऊर्जेला प्रथम प्रारणाच्या प्रकारानुसार भारांक लावला जातो. फोटॉन, इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांचा भारांक १, प्रोटॉनांचा २, तर हीलियम व जड अणुकेंद्रांचा २० आहे. न्यूट्रॉनांचा भारांक त्यांच्या ऊर्जेनुसार सुमारे २.५ ते २० यांदरम्यान बदलतो. त्यानंतर प्रत्येक अवयवाच्या संवेदनशीलतेनुसार दुसरा भारांक लावून सर्व अवयवांची बेरीज केली जाते.

हे भारांक वैज्ञानिक ज्ञानानुसार सुधारले जातात. आयोगाच्या २००७ च्या शिफारशींमध्ये प्रोटॉनांचा भारांक ५ वरून २ करण्यात आला आणि न्यूट्रॉनांसाठीचे मूल्यही बदलले. परिणामी त्याच उड्डाणाची गणिती मात्रा पूर्वीपेक्षा कमी भरू लागली. जुन्या आणि नव्या नोंदींची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

परिणामी मात्रा शरीरात प्रत्यक्ष मोजता येत नाही. म्हणून उपकरणांच्या मोजमापासाठी परिसर समतुल्य मात्रा ही पर्यायी राशी वापरली जाते आणि तिच्या आधारे प्रतिमानांची पडताळणी केली जाते.

गणिती पद्धती

विमानातील प्रारणक्षेत्र संमिश्र असते, पण त्यात अचानक बदल क्वचितच होतात. विमानाच्या आतील निरनिराळ्या जागांमधील फरकही तुलनेने कमी असतो. त्यामुळे प्रत्येक व्यक्तीला बिल्ला देण्यापेक्षा मार्गावरून मात्रा काढणे अधिक सोयीचे व विश्वासार्ह ठरते. नेहमीचे बिल्ले उच्च ऊर्जेच्या न्यूट्रॉनांची नोंद नीट घेऊ शकत नाहीत, हेही त्यामागचे एक कारण आहे.

गणनेचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात. प्रथम त्या काळातील सौर सक्रियता ठरवली जाते. त्यासाठी फिनलंडमधील औलू येथील केंद्रासारख्या जमिनीवरील न्यूट्रॉन मॉनिटरांच्या नोंदी उपयोगी पडतात. नंतर मार्गावरील प्रत्येक बिंदूचा भूचुंबकीय उंबरठा पाहिला जातो. त्या बिंदूवरील उंची लक्षात घेऊन मात्रेचा दर काढला जातो. शेवटी प्रत्येक टप्प्यातील दराला त्या टप्प्याच्या वेळेने गुणून सर्वांची बेरीज केली जाते. कर्मचाऱ्याच्या कामाच्या वेळापत्रकाशी ही बेरीज जोडली की त्याची मासिक आणि वार्षिक मात्रा मिळते. उदाहरणार्थ, एखाद्या कर्मचाऱ्याने वर्षात ८०० तास उड्डाण केले आणि सरासरी दर ताशी ४ मायक्रोसिव्हर्ट असला, तर त्याची वार्षिक मात्रा ३.२ मिलिसिव्हर्ट होते.

यासाठी अनेक संगणक प्रणाली विकसित झाल्या आहेत. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाची कॅरी, जर्मनीतील ईपीकार्ड आणि पॅन्डोका, फ्रान्समधील सिव्हर्ट, कॅनडातील पीसीएअर, ऑस्ट्रियातील एव्हिडॉस आणि जपानमधील जिस्कार्ड ईएक्स या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील बहुतेक प्रणालींच्या मुळाशी कणांच्या वातावरणातील प्रवासाचे माँटे कार्लो पद्धतीने केलेले अनुकरण असते, तर काही प्रणाली विमानातील मोजमापांवरून बसवलेल्या सूत्रांवर आधारलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय प्रारण एकके व मापन आयोगाने २०१० मध्ये ८४ क्रमांकाच्या अहवालात तुलनेसाठी संदर्भमूल्ये प्रसिद्ध केली. प्रतिमानांची उत्तरे संदर्भमूल्यांपासून ३० टक्क्यांच्या आत असणे स्वीकारार्ह समजले जाते.

प्रत्यक्ष मोजमाप

विमानातील संदर्भ मोजमापांसाठी ऊतकसदृश प्रपोर्शनल काउंटर हे उपकरण मानक मानले जाते. त्यातील पोकळीची भिंत ऊतकाशी मिळत्याजुळत्या प्लॅस्टिकची असते व आतील वायूचा दाब इतका कमी ठेवलेला असतो, की ती पोकळी काही मायक्रोमीटर आकाराच्या पेशीभागासारखी वागते. याशिवाय सिलिकॉन शोधक, बुडबुडा शोधक, प्लॅस्टिकवर कणांचे माग उमटवणारे शोधक आणि न्यूट्रॉनांच्या ऊर्जेचे वितरण मोजणारे बॉनर गोल यांचाही वापर होतो. या मोजमापांच्या कार्यपद्धती आयएसओ २०७८५ या मानकमालिकेत दिल्या आहेत.

मार्गानुसार मात्रा

जर्मनीच्या संघीय प्रारण संरक्षण कार्यालयाने फ्रांकफुर्टहून निघणाऱ्या एकेरी उड्डाणांसाठी दिलेली मूल्ये अक्षांश आणि प्रवासकाळ यांचा परिणाम स्पष्ट करतात. मूल्ये मायक्रोसिव्हर्टमध्ये असून त्यांतील कमी-अधिकपणा सौर चक्र आणि उंची यांमुळे येतो.

- फ्रांकफुर्ट ते रोम : ३ ते ६
- फ्रांकफुर्ट ते जोहान्सबर्ग : १८ ते ३०
- फ्रांकफुर्ट ते सिंगापूर : २८ ते ५०
- फ्रांकफुर्ट ते न्यूयॉर्क : ३२ ते ७५
- फ्रांकफुर्ट ते सान फ्रान्सिस्को : ४५ ते ११०

जोहान्सबर्गचा प्रवास न्यूयॉर्कच्या प्रवासापेक्षा लांबचा असूनही त्याची मात्रा कमी आहे, कारण त्या मार्गाचा बराच भाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या संरक्षित पट्ट्यातून जातो.

सौर प्रारण घटना

सूर्यावरील स्फोटांतून कधीकधी अतिशय उच्च ऊर्जेचे प्रोटॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा पुरेशी असेल तर जमिनीवरील उपकरणांतही वाढ दिसते. अशा घटना १९४२ पासून सत्तरहून अधिक वेळा नोंदवल्या गेल्या आहेत. २३ फेब्रुवारी १९५६ ची घटना त्यांतील सर्वांत तीव्र मानली जाते. १५ एप्रिल २००१ रोजी प्राग ते न्यूयॉर्क उड्डाणात ठेवलेल्या सिलिकॉन शोधकाने अशी वाढ प्रत्यक्ष टिपली.

या घटनांचा अंदाज आधी वर्तवणे कठीण असते आणि प्रोटॉन काही मिनिटांतच पृथ्वीवर पोहोचू शकतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २०१९ पासून अंतराळ हवामानाविषयी जागतिक सूचनासेवा सुरू केली. तिच्या निकषांनुसार मात्रेचा दर ताशी ३० मायक्रोसिव्हर्टवर गेल्यास मध्यम आणि ८० मायक्रोसिव्हर्टवर गेल्यास तीव्र अशी सूचना दिली जाते. अशा वेळी उंची कमी करणे किंवा ध्रुवीय मार्ग टाळणे हे उपाय उपलब्ध असतात. मात्र उंची कमी केल्यास इंधन अधिक लागते आणि इतर विमानांच्या मार्गांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे हा निर्णय केवळ प्रारणाच्या आधारे घेता येत नाही.

नियमन

आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने व्यावसायिक मात्रेसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ५० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा सुचवली आहे. सर्वसामान्य नागरिकांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. विमान वाहतुकीविषयीच्या २०१६ मधील १३२ क्रमांकाच्या प्रकाशनात आयोगाने विमान कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला ५ ते १० मिलिसिव्हर्ट या पट्ट्यातील संदर्भपातळी निवडावी, असे म्हटले आहे.

युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशाद्वारे, वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळण्याची शक्यता असलेल्या कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन विमान कंपन्यांना बंधनकारक केले. २०१३ च्या निर्देशात ही तरतूद कायम असून ६ मिलिसिव्हर्टच्या वर अधिक कडक नियम लागू होतात. अधिक मात्रा मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकात बदल करणे, तसेच त्यांना आरोग्यविषयक धोक्यांची व स्वतःच्या मात्रेची माहिती देणे, ही कंपनीची कर्तव्ये आहेत. जर्मनीत विमान कर्मचाऱ्यांच्या मात्रा २००३ पासून केंद्रीय नोंदवहीत ठेवल्या जातात.

अमेरिकेत संघीय विमान वाहतूक प्रशासन विमान कर्मचाऱ्यांना व्यावसायिक प्रारण-संपर्क असलेले कर्मचारी मानते आणि मार्गदर्शक मर्यादा सुचवते, परंतु त्यांच्यासाठी कायद्याने बंधनकारक मात्रामर्यादा नाही. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रारण कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा ठेवली आहे.

गर्भवती कर्मचारी

गर्भ प्रारणाला अधिक संवेदनशील असल्यामुळे गर्भवती कर्मचाऱ्यांसाठी वेगळे निकष आहेत. गर्भारपणाची माहिती नियोक्त्याला दिल्यानंतर उर्वरित काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवावी, असे आयोगाचे सूत्र आहे. अमेरिकी प्रशासन याखेरीज कोणत्याही एका महिन्यात ०.५ मिलिसिव्हर्टची मर्यादा सुचवते. अटलांटिक महासागरापलीकडच्या काही परतीच्या फेऱ्यांमध्ये १ मिलिसिव्हर्टची ही मात्रा पूर्ण होऊ शकते. गर्भधारणा लक्षात येईपर्यंतचे पहिले काही आठवडे या व्यवस्थेत असंरक्षित राहतात, ही तिची प्रमुख मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या अभ्यासात पहिल्या तिमाहीतील ०.३६ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून अधिक मात्रेचा गर्भपाताच्या वाढीव धोक्याशी संबंध असू शकतो, असे आढळले.

आरोग्यावरील परिणाम

विमान कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मात्रेमुळे तत्काळ लक्षणे उद्भवत नाहीत. प्रश्न दीर्घकालीन कर्करोगाच्या धोक्याचा असतो. वर्षाला ३ मिलिसिव्हर्टप्रमाणे ३० वर्षांत ९० मिलिसिव्हर्ट मात्रा साठते. आयोगाचा प्रौढ कर्मचाऱ्यांसाठीचा गुणांक सिव्हर्टमागे सुमारे ४.१ टक्के असल्यामुळे हा वाढीव धोका ०.४ टक्क्याच्या जवळपास, म्हणजे हजारी सुमारे ४ इतका येतो. हा गुणांक मोठ्या लोकसमूहासाठी असून एखाद्या व्यक्तीला झालेल्या आजाराचे कारण त्यावरून ठरवता येत नाही.

दहा देशांतील ९३,७७१ विमान कर्मचाऱ्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित अभ्यास सांगतो, की त्यांचा एकूण मृत्युदर सर्वसामान्यांपेक्षा कमी होता, परंतु वैमानिकांमध्ये त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. अमेरिकेतील ५,३६६ केबिन कर्मचाऱ्यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या व त्वचेच्या कर्करोगांसह काही कर्करोगांचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळले.

या निष्कर्षांचा अर्थ लावणे सोपे नाही. विमान कर्मचारी निवडीच्या वेळी निरोगी असतात आणि त्यांची नियमित तपासणी होते, त्यामुळे त्यांचा मृत्युदर कमी दिसणे स्वाभाविक असते. दुसऱ्या बाजूने रात्रपाळी आणि कालक्षेत्रे ओलांडल्याने शरीराच्या दैनंदिन लयीत होणारा बिघाड, कॉकपिटच्या काचेतून येणारे अतिनील किरण, सुट्टीतील उन्हाचा संपर्क आणि उशिरा होणारे मातृत्व हे घटकही याच कर्करोगांशी जोडलेले आहेत. विश्वकिरणांचा वाटा यांतून वेगळा काढण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याची दीर्घकालीन आणि विश्वसनीय मात्रानोंद आवश्यक असते. मूल्यमापनाचे महत्त्व केवळ मर्यादापालनापुरते नसून या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठीही आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय उपखंड सर्वाधिक भूचुंबकीय उंबरठ्याच्या प्रदेशात असल्यामुळे देशांतर्गत उड्डाणांमधील मात्रेचा दर कमी असतो. मुंबई ते दिल्ली यांसारख्या छोट्या उड्डाणात चढण्या-उतरण्याचा काळ वगळता उंचीवरील वेळही थोडाच असतो. उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या दीर्घ उड्डाणांची स्थिती मात्र वेगळी आहे. एअर इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये दिल्ली ते सान फ्रान्सिस्को उड्डाण ध्रुवीय प्रदेशावरून नेले, तर जानेवारी २०२१ मध्ये सान फ्रान्सिस्को ते बंगळूर हे उड्डाण उत्तर ध्रुवावरून आणताना कॉकपिटमध्ये सर्व महिला वैमानिक होत्या. अशा मार्गांवर चुंबकीय संरक्षण जवळजवळ नसलेल्या प्रदेशात विमान कित्येक तास असते. म्हणून एकाच कंपनीतील देशांतर्गत आणि आंतरखंडीय कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मात्रांमध्ये मोठा फरक पडू शकतो आणि केवळ उड्डाणतास मोजून तो लक्षात येत नाही.

हेही पहा

- विश्वकिरण
- होमी भाभा
- सिव्हर्ट
- सौर डाग
- पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र
- आयनीकारक प्रारण